मणक्याची गादी आणि ‘स्टेम सेल’चे इंजेक्शन : पैसे भरण्याआधी

“मणक्यात गॅप आलाय म्हणाले. ऑपरेशन नको असेल तर स्टेम सेलचे इंजेक्शन घ्या, गादी पुन्हा तयार होते म्हणाले. घेऊ का?” वाचकांच्या पत्रांतून आणि फोनवरून हा प्रश्न सारखा येतो. कुणी विचारते, पीआरपी आणि स्टेम सेल एकच का? कुणी विचारते, नातवाची नाळ बँकेत ठेवली आहे, ती माझ्या कमरेला चालेल का? कुणाचा मुलगा अमेरिकेत असतो आणि तो म्हणतो, इकडे तर सर्रास मिळते.

एका वाचकाने पत्रासोबत दवाखान्याने दिलेले कोटेशनच जोडले होते. पान एकच. वर ‘रिजनरेटिव्ह स्पाइन पॅकेज’, खाली ‘दोन लेव्हल’, ‘एक दिवस ॲडमिशन’, रक्कम लाखांत, आणि तळाला बारीक अक्षरांत ‘ॲडव्हान्स परत मिळणार नाही’. खोलीचे भाडे होते, सुईचा खर्च होता, जेवणही होते. तीन गोष्टी मात्र नव्हत्या : पेशी कोणत्या, त्या कुठून आणलेल्या आणि कोणाच्या परवानगीने टोचणार. त्या तीन रिकाम्या जागा कशा भरायच्या, ते या लेखात पाहू.

आधी थोडक्यात उत्तर

- मणक्याच्या गादीत दुरुस्ती करू शकणाऱ्या पेशी खरोखर असतात. त्यांच्यावरचे संशोधनही खरे आहे.
- झिजलेली गादी पुन्हा उभी करणारे, मान्यता मिळालेले मूलपेशींचे (म्हणजे स्टेम सेलचे) इंजेक्शन भारतात नाही. अमेरिकेच्या एफडीएनेही गादीसाठी असे एकही उत्पादन मान्य केलेले नाही.
- भारतात हा उपचार फक्त परवानगी असलेल्या क्लिनिकल ट्रायलमध्ये, म्हणजे वैद्यकीय चाचणीत, देता येतो. चाचणीत रुग्णाकडून त्याचे पैसे घेत नाहीत.
- म्हणून कोणी पैसे मागितले की समजा, ही चाचणी नाही. आणि चाचणी नसेल तर तो उपचार द्यायला परवानगीच नाही.

एवढे लक्षात ठेवून थांबलात तरी चालेल. निर्णय घ्यायचाच असेल तर पुढे वाचा.

गादीत नेमके काय बिघडते

आपल्या कण्यात २३ गाद्या असतात. प्रत्येक गादीच्या कडेला तंतूंचे घट्ट कडे आणि आत मऊ गर. सब्जाचे बी पाण्यात टाकल्यावर त्याच्याभोवती बुळबुळीत आवरण फुगते, तसा हा गर पाणी धरून ठेवतो. दिवसभर भार पडून थोडे पाणी निघून जाते आणि रात्री आडवे झाल्यावर परत भरते. म्हणूनच सकाळी आपली उंची संध्याकाळपेक्षा साधारण एक सेंटिमीटर जास्त असते.

वय वाढते तसा गर पाणी धरेनासा होतो आणि गादी चपटी होते. एक्स-रेमध्ये दोन मणक्यांमधली जागा कमी दिसते, आणि आपण म्हणतो, ‘गॅप आलाय’. खरे तर गॅप आलेला नसतो, होता तोच कमी झालेला असतो. त्यामुळे ‘गॅप भरून काढतो’ असे कुणी म्हटले की पहिल्यांदा तिथेच थांबून विचारा : काय भरणार?

पाणी धरणारा माल तयार करणाऱ्या पेशी गरातच राहतात. त्यांत काही थोड्या पेशी नव्या पेशींना जन्म देऊ शकतात. त्यांना डॉक्टर प्रोजेनिटर म्हणतात, आपण पूर्वपेशी म्हणू. फिलाडेल्फियाच्या थॉमस जेफरसन विद्यापीठातले मकरंद रिसबूड यांनी पूर्वी पुण्याच्या राष्ट्रीय पेशी विज्ञान केंद्रात काम केले होते. त्यांनी आणि सहकाऱ्यांनी २००७ मध्ये दाखवले की झिजलेल्या मानवी गादीतही अशा पेशींच्या खुणा सापडतात. २०१२ मध्ये जपानच्या तोकाई विद्यापीठातल्या दाइसुके साकाई यांच्या गटाने या पेशी ओळखण्याची खूण सांगितली, आणि वय व झीज वाढते तशा त्या संपत जातात हेही दाखवले.

मग बाहेरून पेशी आणून टोचल्या तर? अडचण जागेची आहे. गादीत रक्तवाहिन्या जवळपास नसतातच. प्राणवायू आणि साखर वरच्या-खालच्या मणक्याच्या पातळ कूर्चेतून झिरपत येते. झिजलेल्या गादीत ही वाट आणखी बुजते आणि आत आम्लता वाढते. पाट बुजलेल्या वाफ्यात रोपे लावण्यासारखे ते आहे. रोपे कितीही उत्तम असोत, पाणी पोचले नाही तर ती जगायची कशी? जगभरचे संशोधक आज याच प्रश्नाशी झुंजत आहेत.

एमआरआयचा रिपोर्ट हातात आला की

बहुतेकांची घाबरगुंडी दुखण्याने उडत नाही, रिपोर्टमधल्या शब्दांनी उडते. नेहमी दिसणारे शब्द असे वाचा :

- डेसिकेशन : गादीतले पाणी कमी झाले आहे. एमआरआयमध्ये ती पांढरी न दिसता काळी दिसते.
- बल्ज : गादी कडेने थोडी फुगली आहे.
- प्रोट्रूजन, एक्स्ट्रूजन : आतला गर एका जागी बाहेर ढकलला गेला आहे. बोलीत आपण याला ‘गादी सरकली’ म्हणतो.
- एल-फोर-फाइव्ह, एल-फाइव्ह-एस-वन : कमरेच्या सर्वांत खालच्या दोन गाद्या. भार जास्त, म्हणून झीजही बहुधा इथेच.
- फिरमन ग्रेड : झिजेची १ ते ५ अशी श्रेणी. १ म्हणजे निरोगी, ५ म्हणजे पार बसलेली गादी.

आता एक आकडा मनाशी धरा. पाठ अजिबात न दुखणाऱ्या ३,११० माणसांच्या तपासण्या एकत्र करून २०१५ मध्ये एक आढावा प्रसिद्ध झाला. त्यात विशीतल्या ३७ टक्के आणि ऐंशीतल्या ९६ टक्के लोकांत गादीची झीज दिसली. म्हणजे पन्नाशीनंतर रिपोर्टमध्ये झीज दिसणे हे डोक्यावर पांढरे केस दिसण्यासारखेच. दुखण्याचे कारण तीच आहे हे वेगळे सिद्ध करावे लागते.

डॉक्टरांना म्हणून असे विचारा : “रिपोर्टमधल्या या गादीमुळेच मला दुखते, हे तुम्ही कशावरून म्हणता?” स्नायू, मणक्याचे मागचे सांधे, खुबा, माकडहाडाजवळचा सांधा, यांतल्या कशामुळेही तिथेच दुखू शकते. गादी हे कारणच नसेल, तर गादीत काहीही टोचून उपयोग नाही.

हे दिसले तर इंजेक्शनचा विचार बाजूला ठेवा

खालीलपैकी काही असेल तर थेट रुग्णालय गाठा :

- लघवी तुंबणे किंवा नकळत होणे, शौचावरचा ताबा जाणे
- जांघेत आणि बसण्याच्या जागी बधिरपणा
- पाऊल उचलता न येणे, चप्पल पायातून निसटणे, पायातली ताकद झपाट्याने कमी होणे
- ताप, रात्री घाम, वजन घटणे आणि आडवे पडल्यावरही न थांबणारे दुखणे. आपल्याकडे मणक्याचा टीबी दुर्मीळ नाही, आणि तो औषधांनी बरा होतो.
- पूर्वी कॅन्सर झालेला असणे, किंवा पडल्यानंतर अचानक सुरू झालेले दुखणे

पहिली तीन लक्षणे असतील तर तासांचा हिशेब असतो. ‘सोमवारी दाखवू’ म्हणू नका.

एकाच नावाखाली काय काय विकतात

कोटेशनवरची पहिली रिकामी जागा, म्हणजे ‘पेशी कोणत्या?’ विचारल्याशिवाय कळत नाही. साधारण हे पाच प्रकार असतात :

1. पीआरपी. तुमचेच रक्त काढून, फिरवून, त्यातला प्लेटलेट जास्त असलेला भाग वेगळा करतात. यात मूलपेशी मोजायच्या म्हटल्या तर नसल्यातच जमा. पीआरपीला ‘स्टेम सेल’ म्हणून बिल लावणे ही सरळ दिशाभूल आहे.
2. अस्थिमज्जेचा अर्क. कमरेच्या हाडातून मज्जा काढून, दाट करून, त्याच दिवशी टोचतात. यात मूलपेशी असतात, पण अगदी थोड्या. किती, हे बहुतेक ठिकाणी मोजतही नाहीत.
3. चरबीतून काढलेल्या पेशी. पोटाची चरबी काढून त्यातल्या पेशी वेगळ्या करतात. त्या मिळतात पुष्कळ, पण गादीत गेल्यावर त्या गराचे काम करतीलच याची खात्री नसते.
4. प्रयोगशाळेत वाढवलेल्या पेशी. स्वतःच्या किंवा दुसऱ्या दात्याच्या पेशी काही आठवडे वाढवून लाखोंच्या संख्येने देतात. मोठ्या चाचण्यांत बहुधा हेच वापरतात.
5. नाळेचे, गर्भवेष्टनाचे पदार्थ आणि ‘एक्झोसोम’. अनेकदा कुपीत जिवंत पेशीच नसते. गादीसाठी याला मान्यता नाही.

नातवाच्या नाळेबद्दल विचारणाऱ्यांना : नाळेच्या रक्तातल्या पेशींचा खात्रीचा उपयोग रक्ताच्या आणि प्रतिकारशक्तीच्या काही आजारांत होतो. आजोबांच्या गादीसाठी ती साठवण कामाची नाही.

संशोधन आज कुठे पोचले आहे

निर्णयासाठी दोन मोठ्या चाचण्या माहीत असल्या तरी पुरे.

मेसोब्लास्ट या ऑस्ट्रेलियन कंपनीने अस्थिमज्जेतल्या पूर्वपेशी ४०४ रुग्णांच्या चाचणीत तपासल्या. काहींना पेशी, काहींना नुसते सलाइन. २०२१ मध्ये निकाल आला : आधी ठरवलेला मुख्य निकष पूर्ण झाला नाही. काही गटांत वेदना जास्त कमी झालेली दिसली, म्हणून कंपनीने पुढची मोठी चाचणी हाती घेतली. युरोपात ११४ रुग्णांवर दात्याच्या मूलपेशी वापरून ‘रेस्पाइन’ नावाची चाचणी झाली. तिथेही खोटी प्रक्रिया केलेल्या गटापेक्षा मुख्य निकषांवर ठळक सरशी दिसली नाही.

यातून तुमच्या कामाची गोष्ट एवढीच : नुसते सलाइन किंवा खोटी सुई मिळालेल्यांतही बऱ्याच जणांना बरे वाटते. कंबरदुखीचा स्वभावच चढउताराचा आहे. आपण इंजेक्शन घ्यायला जातो तेही दुखणे अगदी टोकाला गेल्यावर, आणि टोकाला गेलेले दुखणे पुढे बहुधा उतरतेच. म्हणून ‘आमच्याकडे आलेल्या इतक्या पेशंटना फरक पडला’ या वाक्याला तुलनेचा गट नसेल तर काही किंमत नाही.

जोखीमही समजून घ्या. गादीत जंतुसंसर्ग झाला तर तो बरा व्हायला आठवडे, कधी महिने लागतात. प्राण्यांवरच्या प्रयोगांत टोचलेल्या पेशी बाहेर गळून नको तिथे हाड वाढल्याचे दिसले आहे. आणि गादीत सुई जाणे हीच गादीला इजा आहे. निव्वळ तपासणीसाठी सुई टोचलेल्या गाद्या दहा वर्षांनी जास्त झिजलेल्या आढळल्याचे एका अभ्यासात २००९ मध्ये दिसले. ‘फायदा नाही झाला तरी तोटा तर नाही ना?’ याचे उत्तर म्हणूनच ‘तोटा होऊ शकतो’ असे आहे.

भारतातला नियम

भारतीय वैद्यकीय संशोधन परिषद, म्हणजे आयसीएमआर, आणि जैवतंत्रज्ञान विभाग यांची मूलपेशी संशोधनाची राष्ट्रीय मार्गदर्शक तत्त्वे २०१७ ची आहेत. रक्ताच्या आणि तत्सम आजारांसाठी होणारे रक्तमूलपेशींचे प्रत्यारोपण, ज्याला आपण बोन मॅरो ट्रान्सप्लांट म्हणतो, ते सोडून मूलपेशींचा इतर वापर हा संशोधन समजावा, असे ती सांगतात. २००७ च्या आवृत्तीच्या नावात ‘संशोधन आणि उपचार’ असे होते. पुढे २०१३ मध्ये नावातून ‘उपचार’ हा शब्दच काढून टाकला. जाहिरातींत तो अजून आहे.

दुसरा आधार म्हणजे २०१९ चे नवीन औषधे व क्लिनिकल चाचणी नियम. मूलपेशींपासून बनवलेले उत्पादन त्यांत ‘नवीन औषध’ मानले आहे. म्हणजे त्याच्या चाचणीला आणि विक्रीला केंद्रीय औषध नियंत्रकांची परवानगी हवी.

इथे एक फसवा युक्तिवाद ऐकू येतो : “गुडघ्याच्या इंजेक्शनला भारतात मान्यता मिळाली आहे, मग मणक्याला का नाही?” गुडघ्याच्या संधिवातासाठी एक मूलपेशी-उत्पादन २०२२ मध्ये बाजारात आले, हे खरे. पण मान्यता त्या उत्पादनाला, त्या आजारासाठी असते. गुडघ्याच्या परवान्यावर कमरेत सुई घालता येत नाही.

खरी चाचणी ओळखण्याच्या पायऱ्या

1. नंबर मागा. भारतातल्या चाचणीची नोंद सीटीआरआय या सरकारी नोंदवहीत करावी लागते. नंबर ‘सीटीआरआय’, मग वर्ष, महिना आणि क्रमांक अशा घाटाचा असतो. ‘नंतर सांगतो’ हे उत्तर नव्हे.
2. नोंद स्वतः उघडा. सीटीआरआयचे संकेतस्थळ सर्वांना खुले आहे. इंग्रजी जमत नसेल तर घरातल्या कॉलेजच्या मुलाला बसवा.
3. चार रकाने पाहा. आजार कोणता लिहिला आहे, चाचणीच्या केंद्रांच्या यादीत तुम्हाला सांगितलेले रुग्णालय आहे का, नैतिक समितीची मंजुरी आहे का, आणि डीसीजीआयच्या, म्हणजे केंद्रीय औषध नियंत्रकांच्या, परवानगीपुढे काय लिहिले आहे. आजार ‘गुडघा’ आणि तुम्हाला कंबर, असे असेल तर विषय संपला.
4. भरती सुरू आहे का ते पाहा. कधीच बंद झालेल्या चाचणीचा नंबर दाखवून रुग्ण घेतल्याचे प्रकार होऊ शकतात.
5. मूलपेशी समितीबद्दल विचारा. अशा संशोधनाला नेहमीच्या नैतिक समितीशिवाय मूलपेशी संशोधनाची वेगळी संस्थात्मक समितीही लागते.
6. पैशाचे विचारा. पेशी, त्या टोचणे आणि चाचणीसाठीच्या जादा तपासण्या यांचे पैसे तुमच्याकडून घेतले जाता कामा नयेत.

एक गोष्ट विसरू नका : नोंदणी म्हणजे मान्यता नव्हे. नोंदवहीत नाव असणे म्हणजे ‘आम्ही हे तपासतो आहोत’ एवढेच. परदेशातल्या नोंदवह्यांत तर रुग्णाकडून पैसे घेऊन चालवलेल्या ‘चाचण्या’ही सापडतात. अमेरिकेत राहणाऱ्या मुलामुलींनी हे विशेष लक्षात घ्यावे. तिकडे ‘सर्रास मिळते’ ते बहुधा हेच.

आणि चाचणीत प्रत्येकाला घेतात असेही नाही. साधारणपणे सहा महिन्यांहून जास्त दुखणे, नेहमीच्या उपचारांनी न थांबलेले, एक-दोन गाद्यांची मध्यम झीज असलेले रुग्ण निवडतात. गादी पार बसलेली असेल किंवा नस दाबली जाऊन शस्त्रक्रियेची गरज असेल तर बहुधा नाकारतात. हा नकार तुमच्या भल्याचा असतो. कोणालाही, कोणत्याही ग्रेडला ‘चालेल’ म्हणणाऱ्याबद्दल मात्र शंका घ्या.

चाचणीत गेलात तर तुमचे हक्क

- संमतीपत्र तुम्हाला समजेल त्या भाषेत मिळाले पाहिजे. मराठीत मागा, घरी नेऊन वाचा, सही केलेली प्रत स्वतःजवळ ठेवा.
- तुम्हाला पेशी मिळतील की सलाइन, हे बहुधा चिठ्ठ्या टाकल्यासारखे ठरते. ‘तुम्हाला नक्की पेशीच देतो’ असे कुणी खासगीत सांगितले तर ती चाचणी नीट चाललेली नाही.
- कधीही, कारण न देता, बाहेर पडता येते. त्यामुळे तुमचा नेहमीचा उपचार बंद करता येत नाही.
- चाचणीमुळे इजा झाली तर मोफत उपचार आणि नियमांप्रमाणे भरपाई मिळण्याचा हक्क आहे.
- नैतिक समितीचा संपर्क संमतीपत्रावर असतो. तक्रार डॉक्टरांना डावलून थेट तिथे करता येते.

माणसे नेहमी कुठे फसतात

- ‘आजच ठरवलेत तर सवलत.’ गादी झिजायला वीस वर्षे लागली आहेत. चार आठवडे विचार करायला लागले तर काही बिघडत नाही.
- ‘तुमच्याच पेशी आहेत, मग परवानगी कशाला?’ शरीरातून काढून, प्रक्रिया करून, दुसऱ्या जागी दुसऱ्या कामासाठी घातलेल्या पेशींना हा युक्तिवाद लागू होत नाही. आयसीएमआरच्या तत्त्वांनुसार तेही संशोधनच.
- आधीचा आणि नंतरचा एमआरआय. वेगळ्या मशीनवर, दिवसाच्या वेगळ्या वेळी काढलेली चित्रे शेजारी ठेवून गादी ‘फुगलेली’ दाखवणे अवघड नाही.
- ‘विमा पास करून देतो.’ विमा नियामकांच्या २०१९ च्या सूचनांत मूलपेशी उपचारांपैकी रक्ताच्या आजारांसाठीचे मज्जाप्रत्यारोपणच सामावून घ्यायला सांगितले होते. बिलावर दुसरेच नाव घालून क्लेम करू म्हणाले, तर खोट्या कागदावर सही तुमची असेल हे ध्यानात ठेवा.
- पक्के बिल न देणे. कच्च्या चिठ्ठीवर पैसे देऊ नका. बिलात उपचाराचे नाव, पेशींचा प्रकार आणि तारीख हवी.

पैसे भरले असतील तर

इंजेक्शन अजून घेतले नसेल तर आधी लेखी पत्र द्या : उपचार रद्द करत आहे, सीटीआरआय नंबर व परवानगीची प्रत द्यावी, नसल्यास रक्कम परत करावी. पत्राच्या प्रतीवर पोच घ्या. ‘परत मिळणार नाही’ असे छापले म्हणजे तुमचा हक्क संपला, असे नाही.

इंजेक्शन घेतले असेल तर :

1. कागद मागा. वैद्यकीय नीतिनियमांनुसार, मागणी केल्यावर ७२ तासांत तुमच्या नोंदींच्या प्रती मिळाल्या पाहिजेत. भरती रुग्णांच्या नोंदी तीन वर्षे जपून ठेवणे डॉक्टरांवर बंधनकारक आहे.
2. दुसऱ्या तज्ज्ञाला दाखवा. सरकारी वैद्यकीय महाविद्यालयातला अस्थिरोग विभाग उत्तम. ताप आला, किंवा कंबर पूर्वीपेक्षा जास्त आणि सतत दुखू लागली तर लगेच. संसर्ग वेळीच पकडता येतो.
3. डॉक्टरांविरुद्ध महाराष्ट्र वैद्यक परिषदेकडे आणि गोव्यात असाल तर गोव्याच्या परिषदेकडे तक्रार करता येते. विनापरवाना उत्पादनाची तक्रार अन्न व औषध प्रशासनाकडे करा.
4. भरपाईसाठी जिल्हा ग्राहक आयोग आहे. मुदत दोन वर्षांची. भरलेली रक्कम पाच लाखांपर्यंत असेल तर अर्जाला शुल्क लागत नाही. वकील लावलाच पाहिजे असे नाही. सल्ल्यासाठी राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५.

तोपर्यंत पाठीचे काय?

हा भाग कंटाळवाणा वाटेल, पण पुरावा इथेच जास्त आहे.

- चाला. ऑस्ट्रेलियात ७०१ जणांवर झालेल्या चाचणीचा निकाल २०२४ मध्ये आला. कंबरदुखी थांबल्यावर ज्यांनी फिजिओथेरपिस्टच्या सल्ल्याने हळूहळू चालणे वाढवले, त्यांचे दुखणे पुन्हा उलटायला मध्यमानाने २०८ दिवस लागले. काहीच न करणाऱ्यांत ११२. खर्च एका बुटाच्या जोडीचा.
- अंथरूण धरू नका. एखाद-दोन दिवस ठीक. त्यापुढे विश्रांतीने स्नायू ढिले पडतात आणि दुखणे लांबते.
- पायात कळ जात असेल, म्हणजे सायटिका असेल, तरी बहुतेकांना सहा ते बारा आठवड्यांत उतार पडतो. बाहेर आलेला गर अनेकदा शरीर स्वतःच जिरवते. धोक्याचे इशारे नसतील तर थोडा धीर धरायला हरकत नाही.
- तंबाखू आणि विडी-सिगारेट सोडा. गादीला खाऊ घालणाऱ्या बारीक रक्तवाहिन्यांवरच धूम्रपानाचा घाला पडतो. ज्या पूर्वपेशी वाचवण्यासाठी लाखो मोजायला निघालो, त्यांना उपाशी आपणच मारायचे?
- वेदनाशामक गोळ्या स्वतःच्या मनाने महिनोन् महिने घेऊ नका. किडनी आणि पोट दोन्हींवर बेततात.
- शस्त्रक्रिया हा शत्रू नाही. पायातली कळ आठवडेच्या आठवडे हटत नसेल, ताकद जात असेल, तर दाबणारा तुकडा काढण्याची छोटी शस्त्रक्रिया चांगली उपयोगी पडते. नुसत्या कंबरदुखीत मात्र तिचा भरवसा कमी. दोन तज्ज्ञांचे मत घ्या. दुसरे मत घेणे हा तुमचा हक्क आहे, त्यासाठी पहिल्या डॉक्टरांची परवानगी लागत नाही.

फोन करण्याआधी

वहीत तीन ओळी लिहा आणि त्याच क्रमाने विचारा :

“पेशी कोणत्या देणार, आणि किती?”
“त्या कुठून येणार, आणि कोणत्या प्रयोगशाळेत तयार होणार?”
“सीटीआरआय नंबर आणि औषध नियंत्रकांच्या परवानगीची तारीख सांगता का?”

उत्तरे तिथेच लिहून घ्या. तिन्ही ओळी भरल्या आणि पैशाची गोष्ट निघाली नाही, तर तो कागद घेऊन तुमच्या नेहमीच्या डॉक्टरांकडे जा आणि भाग घ्यायचा का ते निवांत ठरवा. ओळी कोऱ्या राहिल्या तर वही मिटा आणि चालायला बाहेर पडा. कोटेशन पाठवणाऱ्या त्या वाचकांना हेच कळवले होते. त्यांनी फोन केला. पलीकडून पहिल्या दोन प्रश्नांना उत्तर आले, “एकदा येऊन भेटा, मग सविस्तर बोलू.” तिसऱ्याला फोन ठेवल्याचा आवाज आला.